गौरीआधीची पानगी

अळणी लागली ना? पहिली पानगी अळणीच असते. पानाच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली आहे, ती लावून खा. आणि आत गौरीसमोर अजून नैवेद्य गेलेला नाही, मग आपण आधी कसं खायचं, असं मनात आलं असेल तर तेही बाजूला ठेवा. मोरणवाडीत गौरीजेवणाच्या दिवशी असंच असतं. दारात आलेल्या माणसाच्या हातात आधी गरम पानगी पडते, मग देवीचं ताट वाढलं जातं. दरवर्षी शहरातला कोणीतरी पाहुणा हळदीचं पान हातात धरून, खाऊ की नको करत अवघडून बसतो, आणि दरवर्षी मला ही हकिकत सांगावी लागते. सांगायला मला आवडतं, ते वेगळं.

मी रंगराव शेलार. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलायची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.

समोर तो डोंगर दिसतो ना, त्याच्या खांद्यावरून एक पांढरट रेघ खाली येते. तिला आम्ही चिमेचा उतार म्हणतो. पलीकडे कोकण. आता त्या वाटेनं कोणी जात नाही, गवत माजलंय, घाटातून गाडी दोन तासांत पलीकडे नेते. पण पूर्वी मीठ, सुकी मासळी आणि लेकीसुना याच वाटेनं चढायच्या-उतरायच्या. उताराला नाव पडलं ते आमच्याच घरातल्या लेकीचं, चिमेचं. याला किती पिढ्या झाल्या ते नक्की सांगता येत नाही. माझी आई नऊ म्हणायची, चुलते अकरा म्हणायचे, आणि दोघांपैकी मोजलं कोणीच नव्हतं.

असं सांगतात की, त्या वर्षी आधीचं पीक निम्मंच आलं होतं. तुम्ही आता आलात तर तुम्हाला सगळं हिरवंगार दिसलं, फोटो काढत आलात. पण डोंगरातला भादवा म्हणजे दिसायला श्रीमंत आणि पोटाला गरीब. नवं भात शेतात पोटरीला आलेलं असतं आणि घरातलं जुनं संपलेलं असतं. कणगीत हात घातला तर तळाचं शेण-मातीचं सारवणच हाताला लागायचं. लोक करांदे उकडून खायचे, रानभाज्या खायचे आणि दिवस ढकलायचे. पण गौरीला तांदूळ लागतोच. ती तीन दिवसांसाठी माहेरी येते, तिच्यापुढं करांदे कसे ठेवायचे? म्हणून प्रत्येक घरात पाडव्यालाच दोन-चार शेर तांदूळ फडक्यात बांधून आढ्याला टांगून ठेवायचे. घरात मूल रडलं तरी त्या गाठोड्याला कोणी हात लावत नसे.

शेलारांच्या घरात तेव्हा दोघीच बायका होत्या. सून बयजा आणि तिची सासू म्हाळसाबाई. बयजेचा नवरा बैल घेऊन मिठासाठी खाली उतरला होता आणि पावसानं पलीकडेच अडकला होता. बयजेला एकच लेक, चिमा, तिला कोकणात दिलेली. तिला सातवा महिना होता. पंचमीला सासरच्यांनी तिला पाठवलं नव्हतं, गौरीला पाठवू म्हणाले होते. गौरी आणून झाल्या, जेवणाचा दिवस उजाडला, तरी चिमेचा पत्ता नव्हता. बयजा एक डोळा चुलीवर आणि एक डोळा खिंडीवर ठेवून काम करत होती म्हणे.

आता इथं गावाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओढ्यापलीकडे उंबराच्या झाडांत आमच्या उंबरजाईचं देऊळ आहे. गौरीच्या दिवशी पहिला नैवेद्य तिचा. गुरवानं तो दाखवायचा, घंटा वाजवायची, आणि ती घंटा ऐकल्यावर घरोघरच्या गौरींना नैवेद्य जायचा. त्यानंतर माणसांनी जेवायचं. तोवर कोणी घास घ्यायचा नाही, स्वयंपाक करणारणीनं आमटीचा थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. एरवी घंटा दोन प्रहरी व्हायची. त्या दिवशी सकाळपासून ओढ्याला लोंढा आला. गुरव गावात अडकला आणि देवी पलीकडे. सगळं गाव शिजलेल्या अन्नाच्या शेजारी उपाशी बसून पाणी कधी उतरतंय ते बघत होतं.

अशा वेळी चिमा आली.

तिला पोचवायला दीर निघाला होता, तो खिंडीपर्यंत आला आणि खाली ओढ्यांचा आवाज ऐकून मागे वळला. ही एकटीच उतरली. घसरत, बसत, दगडाला धरत. अंगणात पोचली आणि उंबऱ्याशी बसली ती बसलीच. दारापासून देवीच्या चौरंगापर्यंत बयजेनं रांगोळीनं गौरीची पावलं काढली होती, त्यावर चिमेच्या पायांचा चिखल लागला. म्हाळसाबाई काहीतरी बोलणार होती, पण नातीचं तोंड बघून ती पाणी आणायला वळली. ओठ पांढरे पडलेले, डोळे कुठंतरी लागलेले.

बयजेनं तिचा ओला पदर सोडवला, तर कमरेशी पदरात काहीतरी बांधलेलं. सोडून बघते तर तवसं, म्हणजे मोठी काकडी. कोकणात वेलावर होतं तसलं, हातभर लांब, पिवळट हिरवं. अख्खं. त्याला नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

"कवा जेवली व्हतीस गं?" बयजेनं विचारलं.

"काल सकाळी."

"आन् हे पदरात असताना वाटंत खाल्लं का न्हाईस?"

"गौरीचं हाय ते, आये," चिमा म्हणाली.

इतकं बोलली आणि तिथंच कलंडली.

तुम्हाला वेडेपणा वाटेल. वाटू द्या. पोटात सात महिन्यांचं मूल, दीड दिवसाचा उपास, पाच कोसांचा डोंगर, आणि खायची वस्तू कमरेला बांधलेली. पण त्या पोरीच्या मनात ते तवसं तिचं नव्हतंच. सासरी कणगी रिकामी होती, माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून छपरावरच्या वेलाला आलेलं एकुलतं एक फळ तिनं देवीच्या नावानं तोडलं होतं. ज्याच्या नावानं तोडलं त्याच्या आधी तोंडाला लावायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं? बयजेनंच. आणि बयजेला म्हाळसाबाईनं. त्या उंबऱ्यावर बयजेला पहिल्यांदा कळलं म्हणतात, की आपण लेकीला काय शिकवून ठेवलंय.

तिनं तोंडावर पाणी मारलं, लेक शुद्धीवर आली, पण मान धरेना. चुलीवर आमटी होती, भात होता, पण ते सगळं ताटात मांडायचं अन्न, त्याला हात लावायचं धाडस बयजेलाही झालं नाही. एका परातीत थोडं तांदळाचं पीठ राहिलं होतं, ते संध्याकाळच्या नैवेद्याचं. तिनं तवसं विळीवर चिरलं, किसलं, त्याच्याच पाण्यात पीठ कालवलं. परसातून हळदीची दोन पानं तोडून आणली, एकावर पीठ थापलं, दुसरं वर झाकलं आणि तव्यावर टाकलं. भाकरीपेक्षा लवकर होणारं दुसरं काही तिला सुचलं नसेल. मीठ घालायचं राहून गेलं. म्हणून पहिली पानगी अळणी.

म्हाळसाबाई चुलीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "बयजे, घंटा व्हायची हाय अजून."

इथं एक सांगतो. ही हकिकत सांगताना पुष्कळ जण म्हाळसाबाईला खाष्ट सासू करून टाकतात. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. ती तरुण सून असताना एका गौरीला भूक सहन न होऊन तिनं कोनाड्यामागं लपून नैवेद्यातला एक वडा खाल्ला होता म्हणे, आणि त्याच महिन्यात तिचा पहिला मुलगा तापानं गेला. तिनं ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकमेकींना अशा चिकटल्या की पुढं जन्मभर सुटल्या नाहीत. ती त्या दिवशी घंटेचं नाव घेत होती ते देवीच्या मानासाठी नव्हे, चिमेच्या पोटातल्या जिवासाठी. एकीला वाटत होतं, खाल्लं नाही तर मूल जाईल. दुसरीला वाटत होतं, खाल्लं तर जाईल. दोघींना वाचवायचं होतं ते एकच.

बयजेनं मान वर न करता पानगी उलटली. म्हणाली, "आत्याबाई, आज घरात दोन लेकी आल्यात. एक उभी हाय, एक पडलीया. उभी हाय ती थोरली. धाकट्या भनीनं आदी घास घेतला म्हणून थोरली रुसती व्हय माहेरात?"

"आन् रुसली तर?"

"तर माज्यावर रुसंल. केलंय म्या."

आणि तिनं पान सोलून, फुंकर मारून, तुकडा तुकडा करून लेकीला भरवला. गौर चौरंगावर उभी होती, ती बघत होती.

हळदीच्या पानाचा वास मात्र लपत नाही. तव्यावर पान करपायला लागलं की तो वास सात घरं पलीकडे जातो. मी शाळेत होतो तेव्हा गौरीच्या दिवशी मधली सुट्टी व्हायच्या आत आमच्या वर्गात तो वास यायचा, आणि मास्तरांचं लक्षसुद्धा फळ्यावरून उडायचं. मी धावत घरी यायचो. आई चुलीपुढं बसलेली असायची, कपाळावर आडवा हात फिरवलेला आणि त्या हाताचं पीठ केसांना लागलेलं. माझी बहीण अनुसया आली की तिच्या हातात पहिली पानगी, मग माझ्या. "बोटं भाजतील," असं आई दर वेळी म्हणायची आणि दर वेळी बोटं भाजायची. आता सून गॅसवर करते, हळदीची पानं पुण्याहून पिशवीतून येतात, तवा न चिकटणारा आला आहे. चव बरी असते. मी तिला कधी नावं ठेवत नाही. पण आई गेली, अनुसया गेली, आणि पहिलं पान सोललं की वाफेबरोबर त्या दोघी समोर येऊन बसतात, हे खरं आहे. या वयात ते लपवून काय करायचं?

असो. वासाबद्दल सांगत होतो. उपाशी गावाच्या नाकात तो वास शिरला. घंटा झालेली नसताना शेलारांच्या घरी तवा चढला आणि लेकीनं घासही घेतला, हे दोन घटकांत सगळ्यांना कळलं. ओढा उतरला तेव्हा दिवस कलला होता. घंटा झाली, नैवेद्य गेले, लोक जेवले. पण बोलणं एकच चाललं होतं. त्या काळात पाऊस जास्त झाला तरी कोणाच्या तरी हातून चूक झाली असंच धरायचे, आणि इथं तर चूक नाकाला समजलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पंच शेलारांच्या अंगणात येऊन उभे राहिले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. देवीला कौल लावायचा. तगरीचं फूल पाण्यात भिजवून तिच्या कपाळावर लावायचं. उजवीकडे पडलं तर तिची हरकत नाही, विषय संपला. डावीकडे पडलं तर जिच्यासाठी रीत मोडली तिनं दिवस मावळायच्या आत गावाची शीव सोडायची, म्हणजे कोप तिच्याबरोबर जाईल. शीव सोडायची म्हणजे तोच डोंगर उलटा चढायचा. ज्या पोरीला पाण्याचा तांब्या उचलत नव्हता, तिनं.

 बयजा उठून देवळात गेली, उंबरजाईच्या समोर बसली आणि म्हणाली, की उजवा कौल मिळेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. कोप धरायचा तर माझ्यावर धर. मी इथंच बसलेय.

तेव्हा भिवा नावाचा गुरव होता. त्यानं फूल लावलं, गाऱ्हाणं घातलं. सगळं गाव फुलाकडे बघत उभं राहिलं.

फूल पडलं नाही.

कौल उशिरा लागतो, हे लोकांना माहीत होतं. पण इतका उशीर कोणी पाहिला नव्हता. दुपार झाली, संध्याकाळ झाली, फूल कपाळाला चिकटलेलं ते चिकटलेलंच. हवेत ओल, दगडाला ओल, ते वाळेना आणि हलेना. खरं तर गौरी त्या दिवशी बोळवायच्या, पण कौल अडला म्हणून गावानं गौरीही अडवल्या. दुसरा दिवस उजाडला. पंच आळीपाळीनं येऊन बसायचे, फुलाकडे बघायचे, जायचे. जेवणाच्या दिवशी बयजेनं सगळ्यांच्या शेवटी दोन घास घेतले होते, त्यानंतर पोटात काही नव्हतं. ती खांबाला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. म्हाळसाबाई तिच्यापासून दोन हातांवर बसली होती. ती सुनेच्या बाजूनं आली होती की देवीच्या, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

या दोन दिवसांत चिमेच्या अंगात थोडी ताकद आली होती. शेजारणीनं तिला पेज पाजली होती. दुपारी ती उठली, उरलेलं तवसं किसलं, गाठोड्याच्या तळाशी असलेल्या मूठभर तांदळाचं पीठ केलं आणि एकच पानगी भाजली. ती केळीच्या पानावर घेऊन, कमरेवर हात ठेवत, दर दहा पावलांवर थांबत, ओढा ओलांडून देवळात आली.

"आये, खा."

बयजेनं मान हलवली. "कौल व्हायचाय."

"व्हईल तवा व्हईल. तू खा."

"न्हाई. बोलून बसलेय म्या देवीला."

चिमेनं आईकडे बघितलं, मग त्या पानगीकडे. मग ती आईच्या शेजारी भुईवर बसली आणि पान मांडीवर ठेवलं. म्हणाली, "मग म्या बी न्हाई खायाची. तू सोडशील तवा म्या सोडीन."

हट्टात ती आईचीच लेक होती. बयजा गयावया करायला लागली, तुला बाळ आहे पोटात, तू उपाशी राहायचं नाहीस, घरी जा. चिमा हलेना. पंचांपैकी कोणी तरी दटावलं, कोणी समजावलं. गुरव गाभाऱ्याच्या दारातून बाहेर आला. गाव गोळा झालं. सगळे त्या दोघींभोवती उभे, आणि दोघी एका पानगीवर अडून बसलेल्या. शेवटी म्हाळसाबाई उठली. सांधे धरलेले होते, खांबाला धरून उठली. तिनं नातीच्या मांडीवरचं पान उचललं, पानगीचा तुकडा मोडला आणि सुनेच्या तोंडापुढं धरला.

"बयजे, खा. लेक उपाशी ऱ्हातीया तुजी."

बयजेनं सासूकडे पाहिलं. म्हाळसाबाईनं घास तसाच पुढं धरून ठेवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्या यक वडा खाल्ला व्हता गं. चाळीस वरसं झाली." आणि तिथं उभ्या उभ्या, सगळ्या गावासमोर, तिनं ती गोष्ट सांगून टाकली. चोरून खाल्लेला वडा, ताप, गेलेलं मूल, सगळं. सांगताना ती रडली नाही म्हणतात, ऐकणाऱ्या बायका रडल्या. कारण आता एकेकीला आठवायला लागलं. कोणी दिवस गेलेले असताना चक्कर येऊन चुलीवर पडली होती, कोणाचं पोर नैवेद्य बघत बघत रडून झोपलं होतं. त्याबद्दल कोणी कधी बोललंच नव्हतं.

बयजेनं तोंड उघडलं. सासूनं घास भरवला. दुसरा घास चिमेला भरवला, आणि तिसरा, बयजेनं तिचा हात धरून वळवला, तो म्हाळसाबाईच्याच तोंडात गेला.

एवढं झाल्यावर भिवा गुरवाला देवीची आठवण झाली. तो वळून गाभाऱ्यात गेला आणि तिथंच थबकला. कपाळावर फूल नव्हतं. दगडावरून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर ते कधीच खाली आलं होतं आणि समोरच्या पन्हाळीत, पाण्यात, मधोमध तरंगत होतं. ही पन्हाळ म्हणजे मूर्तीपुढची दगडातली चर, तिच्यात मूर्तीच्या दोन्ही बाजूंचं पाणी येतं. फूल उजवीकडून आलं की डावीकडून, हे सांगायला काही खूण नव्हती.

"कुठल्या बाजूला पडलं?" पंचांनी विचारलं.

भिवाच्या मनात आलं असतं तर तो "उजव्या" म्हणून मोकळा झाला असता. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. पण देवीच्या दारात उभं राहून खोटं बोलणाऱ्यांतला तो नव्हता. तो म्हणाला, "म्या बगितलं न्हाई. म्या हिकडं बगत व्हतो."

मग पंचांनी एकमेकांना विचारलं. त्यांच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. दोन दिवस सगळं गाव ज्या फुलाकडे डोळे लावून बसलं होतं, ते पडलं तेव्हा त्याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. खालच्या आळीतले काही लोक आजोबा-पणजोबांचा हवाला देऊन सांगतात, की ते डावीकडूनच गेलं. वरच्या आळीत उजवीकडून गेलं म्हणतात. दोन्ही आळ्यांतल्या लोकांना मी सांगतो, की तुमच्या पणजोबांनी बघितलं असतं तर तेव्हाच बोलले असते.

एका पंचानं सुचवलं, की फूल पुन्हा लावू. भिवा दुसरं फूल आणायला निघालाही. तेव्हा म्हाळसाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपुन खाऊन बसलो. आता तिला काय इचारायचं?"

त्यावर भिवा माघारी फिरला.  त्यानं पहिलं फूल पाण्यातून उचलून देवीच्या पायांशी ठेवलं, आणि त्याच दिवशी गौरी बोळवल्या.

चिमा पुढं इथंच बाळंत झाली, मुलगी झाली. बाप मीठ घेऊन परत आला तेव्हा नात पाळण्यात होती. तीन महिन्यांनी, भाताची कापणी झाल्यावर, चिमा सासरी परत गेली, या समोरच्या वाटेनंच, पाठीला पोर आणि डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. त्यानंतर तिचं काय झालं हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. गोष्ट चांगल्या ठिकाणी थांबवावी, असं आमच्या लोकांना वाटलं असेल. दुसऱ्या वर्षीच्या गौरीला बयजेनं घंटेची वाट न पाहता तवा ठेवला आणि पहिली पानगी दारात आलेल्याला दिली. शेजारच्या घरातूनही वास आला. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. कोणी ठराव केला नाही, कोणी दवंडी पिटली नाही.

तेव्हापासून हे असं आहे. पानगी छोटी असते, पोट भरायला नसतेच. पुढं पुरणपोळी आहे, घारगे आहेत, जेवण व्हायला तासभर लागेल. ही फक्त तोवर तग धरायला. गावचे लोक मुंबईला गेले, सुरतेला गेले, एक जण तर ऑस्ट्रेलियात आहे, तिथं त्याची बायको केळीच्या पानावर करते, हळदीचं मिळत नाही म्हणून. फोनवर मला दाखवते आणि विचारते, काका, बरोबर झालीय का? मी म्हणतो, दारात कोणी उपाशी आलं होतं का? दिलीस का त्याला आधी? मग बरोबर झालीय.

आजही मोरणवाडीत उंबरजाईला कौल लागतो. पेरणीचा लावतात, सोयरिकीचा लावतात, बोअर कुठं मारायची याचा लावतात, गेल्या साली एकानं दुबईच्या नोकरीचा लावला. देवी कंटाळत असेल, पण सांगते बिचारी. भुकेल्याला आधी वाढायचं की नाही, याचा कौल मात्र त्या दिवसानंतर या गावात कोणीही लावलेला नाही.